दुय्यम सामन्यांची नोंदवही

पारितोषिक-समारंभाच्या दिवशीं पहिल्या क्रमांकाच्या विद्यार्थ्याचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें, आणि तें योग्यच आहे. परंतु जो विद्यार्थी वर्षानुवर्षें नेमानें शाळेंत आला, शाळेच्या दुसऱ्या संघांतून पडेल त्या जागीं खेळला आणि ज्याचा क्रमांक कधीं पांचवा तर कधीं अकरावा लागला, त्याचें नांव कोठें लिहिलें जातें? हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. पण मनुष्याच्या कामाची किंमत कशावरून ठरवावी, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटीं आहे. त्याचा विचार करण्यासाठीं वाचकांस आज जरा दूर, इंग्लंड व स्कॉटलंड येथील एका धुळीच्या खेळाकडे नेण्याचें योजिलें आहे. त्या खेळाचें नांव स्पीडवे.

स्पीडवे म्हणजे मोटार-सायकलींची शर्यत. पण ती सडकेवरची नव्हे. लंबवर्तुळाकार मैदानावर भरड माती पसरलेली असते. चार स्वार एका रेषेंत उभे राहतात, समोरची फीत झटकन् वर उडते, आणि चौघेहि डावीकडे वळत वळत चार फेरे पुरे करतात. सारा खेळ एका मिनिटाच्या आसपास आटोपतो. गाडीचें इंजिन ५०० घनसेंटिमीटरचें, इंधन मेथेनॉल, गिअर एकच, आणि ब्रेक मुळींच नाहीं! वळणावर मागचें चाक मुद्दाम घसरूं देऊन स्वार गाडी आवरतो. पहिल्यास तीन गुण, दुसऱ्यास दोन, तिसऱ्यास एक व शेवटच्यास शून्य. चौघांपैकीं दोघे एका संघाचे व दोघे प्रतिपक्षाचे असतात. अशा अनेक शर्यती मिळून एक सामना होतो, आणि अशा अनेक सामन्यांचा एक हंगाम.

ऑस्ट्रेलियांत रुजलेला हा खेळ १९२८ सालीं इंग्लंडांत आला आणि १९२९ पासून तेथें संघांच्या साखळी-स्पर्धा, म्हणजे ‘लीग’, सुरू झाल्या. वरच्या पायरीखालीं दुसरी पायरी असावी हें लौकरच सर्वांस पटलें. १९३६ सालीं लहान गांवांच्या संघांसाठीं ‘प्रॉव्हिन्शियल लीग’ निघाली. १९४७ मध्यें एकंदर तीन विभाग झाले. पुढें उतरती कळा लागली. १९६० सालीं प्रॉव्हिन्शियल लीग पुन्हां उभी राहिली आणि १९६५ मध्यें ती वरच्या लीगशीं एक झाली. तेव्हां पुन्हां खालची पायरी उरली नाहीं. म्हणून १९६८ सालीं दहा संघ घेऊन ‘ब्रिटिश लीग, दुसरा विभाग’ स्थापन झाला. त्यानंतर या पायरीचें नांव कितीदां तरी बदललें. २०१७ सालीं तिला ‘चँपियनशिप’ हें नांव मिळालें. नांवें बदललीं तरी तिचें काम तेंच राहिलें: नवख्यास शिकविणें, उतरत्या वयाच्या स्वारास आधार देणें, आणि बेरिक, रॉचडेल, मिल्डनहॉल यांसारख्या गांवांस आपला म्हणावा असा एक संघ देणें.

या दुय्यम लीगांचे भक्त एक गोष्ट मोठ्या निष्ठेनें करीत आले आहेत. ते नोंद ठेवतात. प्रत्येक स्वारापुढें तो किती सामने खेळला, किती शर्यतींत धांवला, किती गुण मिळविले, हें हंगामामागून हंगाम लिहून ठेवतात आणि शेवटीं त्याच्या सबंध कारकीर्दीची बेरीज मांडतात. या वहीचीं दोन मुख्य घरें आहेत. एक उपस्थितीचें, दुसरें गुणांचें. आपल्या शाळेंतील हजेरीपट आणि गुणपत्रक हीं जणूं एकाच पानावर मांडलेलीं असावींत, तसा हा प्रकार आहे.

गुणांच्या घरांत सरासरी काढण्याची रीत विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगी आहे. स्वारानें मिळविलेले सर्व गुण घ्यावे, त्यांस शर्यतींच्या संख्येनें भागावें आणि चारांनीं गुणावें. म्हणजे चार शर्यतींच्या सामन्यांत तो सुमारें किती गुण आणील हें कळतें. समजा, एक स्वार ६० शर्यती धांवला आणि त्याचे एकंदर १२० गुण झाले. १२० भागिले ६० म्हणजे २, आणि २ गुणिले ४ म्हणजे ८. ही त्याची सरासरी झाली. प्रत्येक शर्यत जिंकणाऱ्याची सरासरी १२ होईल.

परंतु या १२० गुणांत एक गंमत आहे. त्यांपैकीं कदाचित् १०५ च त्यानें स्वतः जिंकलेले असतील, आणि उरलेले १५ ‘बोनस’ म्हणून मिळाले असतील. एखाद्या शर्यतींत एका संघाचे दोघे सोबती पहिला व दुसरा आले, तर दुसरा आलेल्यास त्याच्या दोन गुणांवर आणखी एक गुण नांवें लावतात. कारण उघड आहे. पुढें आपलाच सोबती असतां त्याला गांठण्यासाठीं जीव तोडण्यांत संघाचा कांहींच लाभ नाहीं. उलट वळणावर धक्का लागून दोघेहि पडण्याचें भय. म्हणून जो सोबत्याच्या पाठीशीं राहून प्रतिस्पर्ध्यांस मागें थोपवितो, त्याचें हें संयमाचें काम फुकट जाऊं नये अशी योजना केलेली आहे. हा गुण संघाच्या एकंदर बेरजेंत धरीत नाहींत. पण स्वाराच्या सरासरींत धरतात, आणि त्याचा मोबदलाहि त्याला देतात. आपल्या परीक्षांत सोबत्यास मागें टाकल्याबद्दल गुण मिळतात, त्याला सांभाळून नेल्याबद्दल मिळत नाहींत. या धुळीच्या खेळानें तेवढी एक गोष्ट आपल्याहून अधिक शहाणपणानें केली आहे, असें मला वाटतें.

आतां आक्षेप ऐकूं. कोणी म्हणेल, “जगज्जेत्यांचे आकडे जपून ठेवावे हें ठीक; पण दुसऱ्या पायरीवरच्या, कधीं प्रसिद्धीस न आलेल्या स्वारांचे आकडे कशाला?” या आक्षेपास दोन उत्तरें आहेत.

पहिलें उत्तर सोपें. मोठीं माणसें पुष्कळदां याच पायरीवरून वर चढलीं. न्यूझीलंडचा आयव्हन मेजर (मेजर हें त्याचें आडनांव, हुद्दा नव्हे) १९५७ सालीं लंडनच्या विंबल्डन संघांत आला, पण तेथें त्याचा जम बसला नाहीं आणि तो मायदेशीं परत गेला. १९६३ मध्यें तो पुन्हां आला, तो प्रॉव्हिन्शियल लीगमधील न्यूकॅसलच्या संघांत. त्या व पुढच्या, अशा दोन्ही वर्षीं त्यानें त्या लीगचें वैयक्तिक अजिंक्यपद मिळविलें. नंतर १९६८ ते १९७९ या काळांत तो सहा वेळां जगज्जेता झाला. इंग्लंडचा पीटर कॉलिन्स हाहि दुसऱ्या विभागांतील रॉचडेलच्या संघांतून पुढें आला आणि १९७६ सालीं जगज्जेता ठरला. दुय्यम लीगची वही कोणी ठेवलीच नसती, तर या दोघांच्या चरित्रांचें पहिलें पान कोरें राहिलें असतें.

दुसरें उत्तर मला अधिक मोलाचें वाटतें. मेजर आणि कॉलिन्स यांचा दुय्यम लीगमधील मुक्काम थोडा होता. जो फार चांगला, तो लौकर वर जातो. मग त्या लीगच्या कारकीर्दीच्या यादींत सर्वांत वर कोणाचीं नांवें येतात? जे तेथें राहिले त्यांचीं. स्कॉटलंडांतील ग्लासगोच्या संघाकडून स्टीव्ह लॉसन १९८० नंतरच्या दशकांत हंगामामागून हंगाम धांवत राहिला. जगज्जेत्यांच्या यादींत त्याचें नांव नाहीं, पण त्या संघाच्या इतिहासांतून तें कोणास वगळतां येणार नाहीं. अशीं माणसें जवळजवळ प्रत्येक लहान गांवाच्या संघांत होऊन गेलीं. त्यांतील कित्येक आठवडाभर कारखान्यांत किंवा दुकानांत काम करीत, रात्रीं आपली गाडी आपणच दुरुस्त करीत, आणि सामन्याच्या दिवशीं ब्रेक नसलेल्या गाडीवर बसून फितीसमोर उभे राहत. हाड मोडलें तर तें बरें होईपर्यंत कमाई बंद. वरच्या पायरीवर जाण्याची आशा मावळल्यावरहि जो मनुष्य इतकें करतो, त्याच्या हजेरीचा आकडा हा केवळ आकडा नव्हे.

शिवाय येथील हजेरी म्हणजे नुसतें येऊन उभें राहणें नव्हे, हेंहि ध्यानीं धरावें. संघांत जागा सातच. दर हंगामाच्या आरंभीं व्यवस्थापक नव्यानें निवड करतो. ज्याच्या नांवापुढें तीनशें सामने लिहिलेले आहेत, त्याच्यावर तीनशें वेळां कोणीतरी विश्वास टाकलेला आहे. गुणांचा आकडा मनुष्य एका तेजस्वी संध्याकाळीं वाढवूं शकतो. उपस्थितीचा आकडा मात्र एका वेळीं एकानेंच वाढतो.

तथापि आकड्यांची भक्ति आंधळी असूं नये. या वह्या वाचतांना सावधगिरी बाळगावी लागते. एके काळीं सामन्यांत १३ शर्यती असत, म्हणजे दोन्ही संघांस मिळून ७८ गुण. पुढें १५ शर्यती झाल्या आणि गुण ९० झाले. अर्थात् दोन भिन्न काळांतील स्वारांच्या बेरजा शेजारीं ठेवून थोरला-धाकटा ठरविणें न्यायाचें नव्हे. कोणी केवळ लीगचे सामने मोजतो, कोणी ढालीचे व मैत्रीचेहि धरतो. कोणी बोनस मिळवितो, कोणी वगळतो. आणि दुखऱ्या मनगटानें धांवून मिळविलेला एक गुण व धडधाकट असतां आळसानें मिळविलेला एक गुण, यांतील अंतर तर कोणत्याच वहींत उतरत नाहीं.

आकड्यांचा याहूनहि विचित्र परिणाम या खेळांत दिसतो. सर्व संघ सारख्या बळाचे असावे म्हणून प्रत्येक संघांतील स्वारांच्या सरासरीच्या बेरजेस मर्यादा घातलेली असते. त्यामुळें एखाद्या तरुण स्वारानें मेहनत करून आपली सरासरी वाढविली, तर पुढच्या हंगामांत संघाची बेरीज मर्यादेबाहेर जाते, आणि कोणाला तरी बाहेर पडावें लागतें; कधीं त्यालाच, कधीं त्याच्या जुन्या सोबत्याला. स्पर्धेंत चुरस राहावी म्हणून हा नियम आवश्यक असेल. पण मनुष्याचें सर्व मोल एका आकड्यांत कोंबलें म्हणजे चांगलें काम करणाऱ्याचेंच घर सुटतें, हा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

आणखी एक गोष्ट. मैदानें कायम राहत नाहींत. एक्झेटरचें काउंटी ग्राउंड २००५ सालीं या खेळास मुकलें. ज्या न्यूकॅसलनें मेजरला दुसरी संधि दिली, त्या न्यूकॅसलच्या संघानें २०२३ चा हंगाम अर्ध्यावरच सोडला. फलक उतरले, फाटकें बंद झालीं. जेथें मैदान बंद पडलें तेथें, अमुक मनुष्य येथें इतक्यांदा आपल्या गांवासाठीं धांवला, याची साक्ष देण्यास ती वही तेवढी राहते.

शुभवर्तमानांतील गरीब विधवेची गोष्ट आपल्या शाळेंतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. मंदिराच्या भांडारांत मोठमोठ्या रकमा टाकणारे पुष्कळ होते. परंतु प्रभूचें लक्ष गेलें तें तिच्या दोन लहान नाण्यांकडे, कारण त्या नाण्यांमागें काय होतें हें त्यानें पाहिलें. लहान कामाची नीट नोंद ठेवणें हा त्याच दृष्टीचा एक धडा आहे. यावर कोणी म्हणेल कीं, असें शिकविल्यानें मुलें मध्यम स्थितींतच समाधान मानतील. मला तसें वाटत नाहीं. त्या वहींतून गुणांचें घर कोणीं खोडलेलें नाहीं. तें हजेरीच्या शेजारींच आहे, आणि मेजरसारख्यास वर जाण्याची वाटहि मोकळी आहे. मागणें इतकेंच कीं, दुसरें घरहि वाचावें. तसेंच, आजारी मुलास हजेरीसाठीं शाळेंत धाडावें असाहि याचा अर्थ कोणीं करूं नये. दुखापत लपवून धांवणारा स्वार स्वतःबरोबर दुसऱ्यांसहि संकटांत घालतो.

म्हणून माझी शाळेच्या चालकांस एक नम्र सूचना आहे. या वार्षिकाच्या शेवटीं दर वर्षीं एक पान राखून ठेवावें. त्यावर दुसऱ्या संघांतून खेळलेल्या प्रत्येक मुलाचें नांव, तो किती सामने खेळला आणि त्यानें काय मिळविलें, हें लिहावें. आणि शाळा सोडून जाणाऱ्याच्या नांवापुढें त्याच्या सर्व वर्षांची बेरीज मांडावी. खर्च कांहींच नाहीं. एका शिक्षकाची थोडी चिकाटी मात्र हवी. पालकांस विनंति अशी कीं, मुलगा घरीं आला म्हणजे “कितवा आलास?” हें जरूर विचारावें, पण त्याबरोबर “कोणाला सांभाळून आलास?” हेंहि विचारावें. आणि विद्यार्थी-मित्रांनो, तुम्हांपैकीं बहुतेकांस पहिल्या पायरीवर जागा मिळणार नाहीं, कारण ती पायरीच अरुंद आहे. तरीहि फीत वर उडेल तेव्हां आपल्या जागीं उभे असा. तुमच्या नांवाची ओळ तेथूनच सुरू होते.