घरी की संस्थेत, आणि करणार कोण?



दर्शन झाल्यावर मंदिराच्या ओट्यावर चार जणी बसल्या की हल्ली हा विषय हमखास निघतो. अमक्यांनी आईला वृद्धाश्रमात ठेवलं म्हणे. मग एक सुस्कारा आणि, "आपल्यात असं नव्हतं हो."

नव्हतं, खरंय. पण तेव्हा एका घरात चार बायका होत्या. एकीनं अंथरूण बदललं तर दुसरी पेज करायची. आता सांगली-कोल्हापूरकडच्या गावांत मोठ्या घरात म्हातारी एकटी आणि मुलं पुण्यात नाहीतर बंगळुरात. "आईला घरीच ठेवायचं" हे मुलगे फोनवर ठरवतात. कोणाच्या घरी आणि करणार कोण, हे विचारायची गरजच नसते, कारण सून गृहीत धरलेली असते. तिचीही साठी आलेली असते, गुडघे बोलू लागलेले असतात.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे रात्रीतून तीन-चारदा उठणं आलं. म्हणून घराण्याच्या परंपरेवर बोलणाऱ्याला मी एवढंच विचारते, रात्री दोनला कूस कोण बदलणार?

सासूबाईंचं चार वर्षं आम्ही घरीच केलं. जमलं, कारण दिवसा ब्यूरोच्या मावशी होत्या, रात्री आमचे हे उठायचे (हो, हेच उठायचे!) आणि सासूबाईंचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं. मावशींच्या डब्यात कांदा-लसूण असणार म्हणून शेजारणीला काळजी. मी त्यांना आमच्यातलंच ताट वाढू लागले, महिनाभरात त्या बिनकांद्याची आमटी मागून घ्यायला लागल्या. या तीन गोष्टींतली एक जरी नसती, तरी घरी ठेवण्याचा हट्ट मी धरला नसता.

माझ्या आईचं तसं नव्हतं. तिला विस्मरण सुरू झालं, गॅस चालू राहायला लागला, एकदा पहाटे दार उघडून रस्त्यावर गेली. माझ्याकडे ये म्हटलं तर जावयाच्या घरी राहायचं नाही म्हणाली. नातेवाइकांचंही तेच. सासूचं केलं की सून गुणाची, आईचं करायला निघालं की "माहेरचं किती दिवस?" ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात पालकांच्या निर्वाहाची जबाबदारी असलेल्या अपत्यांत मुलगा, मुलगी, नातू आणि नात येतात. सून त्या व्याख्येत नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

आईचं मन ताळ्यावर होतं अशा एका सकाळी मी तिलाच विचारलं. तिनं एकच विचारलं, "दिवसाउजेडी जेवायला देतील का?" मग मी संस्था बघत फिरले. लिफ्ट, बाग, टीव्हीची खोली सगळे दाखवतात. मी आधी स्वयंपाकघर मागायची. बहुतेक ठिकाणी रात्रीचं जेवण साडेसात-आठला, आणि थंडीत आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. आईला मधुमेह, त्यामुळे संध्याकाळी लवकर जेवून सकाळपर्यंत काही न घेणं आणि रात्रीची गोळी यांचा मेळ डॉक्टरांकडून आधी लिहून घेतला. माझ्या घरापासून अर्ध्या तासावरच्या संस्थेनं साडेपाचला कंदमुळाशिवायचं ताट कबूल केलं. ते आठवण करून द्यावी लागते, कर्मचारी बदलले की पुन्हा सांगावं लागतं.

आपण चौका लावतो, महाराजांच्या आहारासाठी पहाटेपासून राबतो. त्यात आनंद असतो. तत्त्वार्थसूत्रात वैयावृत्त्य हे अंतरंग तप सांगितलंय, आणि ज्यांची सेवा करायची त्या दहांत ग्लान म्हणजे आजारीही आहे. तिथला संदर्भ साधूंचा आहे हे मला माहीत आहे, पण घरातल्या थकल्या जीवाला ते लावू नये असं मला वाटत नाही. तप ज्याचं त्यानंच करायचं असतं. मुलानं पुण्य घ्यायचं आणि कूस सुनेनं बदलायची, याला वैयावृत्त्य कसं म्हणायचं? तसंच पैसे भरून वर्षातून दिवाळीला तोंड दाखवणं, यालाही म्हणता येणार नाही. संस्थेत ठेवल्यावर कूस बदलण्याचं काम सुटतं, जाऊन बसण्याचं सुटत नाही.

मी आठवड्यातून चार दिवस जाते. वेणी घालते, नखं कापते. माझं नाव तिला कधी आठवतं, कधी नाही, पण णमोकार सुरू केला की पाचही पदं बिनचूक म्हणते. तिथे आपल्या आणखी दोन आजी आहेत, त्यांच्या मुली लांब राहतात. आता साडेपाचला तीन ताटं लागतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नको, हे मात्र अजून दर वेळी आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं.