कुलूपबंद ‘नेक्स्ट’

नोकरदार माणसाला वर्षातून एकदा तरी हा प्रसाद मिळतो. एचआरकडून मेल येते: अमुक तारखेच्या आत ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करा. कोर्स उघडावा तर पडद्यावर चार कार्डं. प्रत्येकावर क्लिक केलं की दोन ओळी उघडतात, आणि चारही उघडून होईपर्यंत ‘नेक्स्ट’चं बटण राखाडी राहतं. माणूस एका हाताने चहा पितो, दुसऱ्या हाताने चार क्लिक ठोकतो आणि पुढे सरकतो. बनवणारे याला ‘इंटरॅक्टिव्ह’ म्हणतात. माझ्या मते ही निव्वळ हजेरी आहे. ज्या दोन साधनांनी शिकणाऱ्याशी खरा संवाद साधता आला असता, तीच आपण दारावर पहाऱ्याला बसवली आहेत.

ती साधनं म्हणजे ट्रिगर आणि व्हेरिएबल. ट्रिगर म्हणजे ‘अमुक घडलं की तमुक कर’ असा हुकूम. व्हेरिएबल म्हणजे नावाची चिठ्ठी लावलेला डबा. शाळेच्या बीजगणितातला ‘चल’च. आर्टिक्युलेट स्टोरीलाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये या डब्यात खरं-खोटं, संख्या किंवा मजकूर ठेवता येतो, आणि ट्रिगरला अट घालता येते: डब्यात अमुक असेल तरच हे कर. म्हणजे प्रोग्रॅमिंगची एक ओळही न येणारा माणूस असा धडा रचू शकतो, जो शिकणाऱ्याचं मघाचं उत्तर लक्षात ठेवून आता त्याच्याशी वेगळं बोलेल. चार कार्डांच्या मागेही हेच यंत्र आहे: चार खरं-खोटं डबे, आणि चारही ‘खरं’ झाले की बटण मोकळं. पण या यंत्राने लक्षात काय ठेवलं? बोट कुठे पडलं, एवढंच.

विषय प्रिंटर वापरण्याचा असता तर हसून सोडून दिलं असतं. पण कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याचं प्रशिक्षणही अनेक ठिकाणी याच पद्धतीने उरकलं जातं. त्या कायद्याचं कलम १९ मालकावर कर्मचाऱ्यांना संवेदनशील करण्याची जबाबदारी टाकतं. कोर्स त्यांना कलमांची कार्डं उघडायला लावतो. तक्रारीची मुदत तीन महिने, हे पाठ होतं. मात्र कायद्याच्या व्याख्येचा गाभा ‘नकोसं’ या शब्दात आहे, करणाऱ्याच्या हेतूत नाही. आणि नेमकी हीच गोष्ट कित्येकांच्या गळी उतरत नाही. ती उतरली की नाही, हे विचारणारा डबा कोर्समध्ये नसतोच.

एक प्रसंग घ्या. एक सहकारी रोज एकीच्या कपड्यांवर काहीतरी बोलतो. ती कसनुसं हसून विषय बदलते. यात गैर काही आहे का? एकजण म्हणतो, “नाही, त्याचा हेतू वाईट नव्हता.” दुसरा म्हणतो, “नाही, तिने नको म्हटलं नाही ना!” आजचा कोर्स दोघांनाही सारखंच सांगतो: ‘चूक. पुन्हा प्रयत्न करा.’ तिसऱ्या खेपेला दोघांचंही उत्तर ‘बरोबर’ येतं, कारण पर्यायच संपलेले असतात. खरं तर हे दोन निराळे गैरसमज आहेत. पहिल्यासाठी ‘हेतू’ नावाचा डबा करा, दुसऱ्यासाठी ‘मौन’. दोन प्रसंग सोडून ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या विनोदाची गोष्ट येईल, तेव्हा ‘हेतू’वाल्याला ती विनोद वाचणाऱ्या बाईच्या बाजूने दाखवा. ‘मौन’वाल्यापुढे अशी नवी मुलगी आणा, जिचं कायम होणं त्याच साहेबाच्या सहीवर अवलंबून आहे, मग ती ‘नको’ का म्हणत नाही, हे त्याला स्वतःला शोधू द्या. लागतात दोन व्हेरिएबल आणि चार-सहा ट्रिगर. चार कार्डांना कुलूप घालायलाही साधारण तेवढेच लागतात.

यात माझा शोध काही नाही. १९५०च्या दशकात बी. एफ. स्किनर शिकवण्याची यंत्रं घडवत होते. पायऱ्या इतक्या लहान ठेवायच्या की चूक होऊच नये, हा त्यांचा आग्रह. त्याच काळात नॉर्मन क्राउडर यांनी उलटा रस्ता धरला. त्यांच्या पुस्तकांची पानं क्रमाने वाचायची नसत. प्रत्येक उत्तरासमोर पान क्रमांक असे, आणि चुकीचं उत्तर निवडलं की उघडणारं पान ती चूक का झाली हे समजावून परत पाठवी. साध्या कागदाला जे जमत होतं, ते आपल्या संगणकाला जमू नये?

यावर पहिला आक्षेप खर्चाचा. चार प्रसंग, प्रत्येकी तीन पर्याय, म्हणजे एक्क्याऐंशी वाटा. कोण लिहिणार आणि कोण तपासणार? पण हा हिशेब प्रत्येक फांदी शेवटपर्यंत वेगळी वाढवण्याचा आहे. व्हेरिएबलची खरी करामत इथेच आहे: वाटा पुन्हा एकत्र येतात, आठवण मात्र टिकते. सगळे त्याच प्रसंगांतून जातात. ज्याला गरज आहे त्याच्यासाठी एखादा प्रसंग बदलतो. तपासणी वाढते, हे कबूल. ट्रिगर वरून खाली क्रमाने चालतात. डबा भरण्याआधीच अट तपासली गेली तर सगळं फसतं. पण तपासणी हा कामाचाच भाग आहे.

दुसरा आक्षेप पुराव्याचा: ऑडिटला दाखवायला ‘पूर्ण’ असा शेरा हवा. जरूर द्या. स्कॉर्म १.२ हे २००१चं मानक, पण त्यातही शेरा आणि गुणांच्या पलीकडे कोर्सची अवस्था जपायला ४०९६ अक्षरांची जागा आहे; दहा-वीस खुणा तिथे मावायला हरकत नाही. शेरा आणि आठवण यांचं भांडण नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. कोर्स माझे गैरसमज लक्षात ठेवणार असेल, तर ते उद्या साहेबाच्या टेबलावर जाणार नाहीत कशावरून? म्हणून रचनेचा पहिला नियम असा हवा: या खुणा धड्यापुरत्या वापरायच्या, व्यक्तीच्या नावासह कुठल्याही अहवालात घालायच्या नाहीत, आणि हे शिकणाऱ्याला सुरुवातीलाच सांगायचं. आपली चूक मोजली जाणार म्हटल्यावर कोण खरं उत्तर देईल?

असे कोर्स रचणारी पुष्कळ मंडळी पुण्या-मुंबईत आहेत, आणि त्यांना हे येत नाही असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडून मागितलंच जातं कुलूप. म्हणून मागणाऱ्यांनी कोर्स ताब्यात घेताना रंग, चित्रं आणि निवेदिकेचा आवाज तपासण्याआधी एवढंच म्हणावं: व्हेरिएबलची यादी दाखवा. त्या यादीत ‘कार्ड १ पाहिलं’, ‘कार्ड २ पाहिलं’, ‘व्हिडिओ संपला’ एवढंच असेल, तर कोर्स परत पाठवावा. माणसाने क्लिक केल्याचं त्याला कळलं आहे. माणूस काय समजून बसला आहे, हे त्याने विचारलेलंच नाही.