धूळ बसली, पण खोकला बसेना

एका वाचक भगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. शेजारचा जुना वाडा पाडला, त्याला दीड महिना झाला; तेव्हांपासून त्यांच्या सासऱ्यांस खोकला जडला आहे. "धूळ बसली कीं खोकलाहि बसेल," असें म्हणून मामंजी डॉक्टरांकडे जाण्याचें टाळतात. सून बिचारी किती बोलणार! त्यांस वाचून दाखवावें असें एक उदाहरण आम्ही येथें देतों.

ता. ११ सप्टेंबर २००१ रोजीं न्यूयॉर्क येथें वर्ल्ड ट्रेड सेंटरचे दोन्ही मनोरे कोसळले. त्या दिवशीं तेथील अग्निशामक दलाचे ३४३ लोक प्राणांस मुकले, हें पुष्कळांस ठाऊक असेल. जे वांचले त्यांची हकीकत मात्र इकडे फारशी कोणी सांगत नाहीं.

काँक्रीट, जिप्सम, काचेचे तंतु, ॲस्बेस्टॉस या सर्वांचें पीठ होऊन त्याचा लोट रस्तोरस्तीं पसरला होता. या धुळीचें पृथक्करण झालें, तेव्हां वजनाच्या मानानें शेंकडा ९५ हून अधिक भाग जाड कणांचा निघाला. असे कण एरव्हीं नाकांतच अडकतात. पण लोटच इतका दाट, कीं नाकाची चाळणी कोठवर पुरणार? शिवाय धांवपळ करणारा मनुष्य तोंडानें श्वास घेतो. त्यांत ती धूळ चांगलीच क्षारधर्मी होती. विड्यांत चुना अधिक पडला म्हणजे जीभ कशी पोळते, हें मामंजींस सांगावयास नको. तोच प्रकार श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराचा झाला.

पहिल्या सहा महिन्यांत ३३२ जवानांस असा खोकला लागला कीं, त्यांस निदान चार आठवडे रजा घ्यावी लागली. मनोरे कोसळतांना जे हजर होते त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा ८, मागाहून पण दोन दिवसांच्या आंत आलेल्यांत ३, आणि त्याहून उशिरां आलेल्यांत १ होतें. बहुतेकांस दम लागे, छातींत जळजळ होई. डॉक्टरांनीं या दुखण्याचें नांवच 'वर्ल्ड ट्रेड सेंटर खोकला' असें ठेविलें.

खोकल्याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. जोरानें फुंकतांना पहिल्या सेकंदांत किती वारा बाहेर पडतो, याचें माप घेतात. दलांतील लोकांचें हें माप पहिल्या वर्षांत सरासरीनें ३७२ मिलिलिटर उतरलें. केवळ वयोमानानें एवढी घट होण्यास सुमारें १२ वर्षें लागतात. पुढें सात वर्षेंपर्यंत तपासणी चालू ठेविली, तरी झालेली घट सरासरीनें भरून आली नाहीं; आणि ज्यांनीं जन्मांत सिगारेट ओढली नाहीं त्यांचीहि यांतून सुटका नव्हती.

तेथेंहि धीर देणारे होतेच. पर्यावरण खात्याच्या प्रमुख क्रिस्टीन व्हिटमन यांनीं ता. १८ सप्टेंबर रोजींच, हवा श्वसनास निर्धोक आहे, असें जाहीर केलें. ढिगाऱ्याखालचा अग्नि तर डिसेंबरपर्यंत धुमसत होता! असें छातीठोक विधान करण्याइतका पुरावा त्या वेळीं नव्हता, असा अभिप्राय २००३ सालीं त्याच खात्याच्या महानिरीक्षकांनीं दिला. बाईंचा हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु त्यांच्या शब्दावर विसंबून किती लोकांनीं तोंडावरचा मुखवटा काढला असेल, हा विचार मनांतून जात नाहीं. सप्टेंबर २००३ नव्हे, तर सप्टेंबर २०२३ पर्यंत पाहावें: त्या धुळीपासून जडलेल्या दुखण्यांनीं मेलेल्या अग्निशामकांची संख्याहि ३४३ वर पोंचली.

एका वाड्याची माती आणि ते मनोरे यांची बरोबरी नाहीं. मामंजींनीं घाबरूं नये. पण दोन आठवड्यांवर खोकला टिकला कीं आपल्या देशांत प्रथम थुंकी तपासून क्षयाची शंका फेडून घ्यावी, आणि नळींत फुंकून श्वासाचें माप द्यावें. डॉक्टरांस धुळीची हकीकत आपण होऊन सांगावी; जळजळ होत असल्यास तीहि सांगावी. ढिगारा अद्याप पडून असेल तर उचलण्यापूर्वीं त्यावर पाणी मारण्यास कंत्राटदारास बजावावें. नाकावर धरलेल्या उपरण्यानें बारीक धूळ अडत नाहीं. त्याकरितां एन-९५ मुखवटाच हवा.

आम्हीहि साठी ओलांडली आहे. सुनेचें ऐकणें किती जड जातें, तें आम्ही जाणतों. तेव्हां सुनेचें राहूं द्यावें. आमच्या विनंतीवरून मामंजींनीं या आठवड्यांत डॉक्टरांकडे जाऊन यावें, आणि काय निघालें तें आम्हांस एका कार्डानें कळवावें.