मंडीदीपचे घर आणि गृहिणीची सही

निवृत्तीनंतर शहरातील घर विकावे, आलेल्या पैशांपैकी थोड्या पैशांत दूर कोठे लहानसे घर घ्यावे आणि उरलेल्या रकमेच्या व्याजावर उतारवय काढावे, हा हिशेब आज केवळ पणजी-मडगावातील मध्यमवर्गच मांडतो असे नव्हे. नोकरीनिमित्त उत्तरेकडे जाऊन तेथेच स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतही तो मांडला जातो. भोपाळमधील अशा कुटुंबाला जवळचे आणि परवडणारे ठिकाण म्हणजे मंडीदीप.

भोपाळहून नर्मदेकडे जाणाऱ्या रस्त्यावर वीस-बावीस किलोमीटरवरील ही औद्योगिक वसाहत. भोपाळ-इटारसी लोहमार्गावर तिचे स्वतःचे स्थानक आहे. भोजराजाचे भोजपूर आणि भीमबेटकाच्या चित्रांकित गुहा फार लांब नाहीत. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साठ हजारांच्या आसपास. जागा राजधानीपेक्षा स्वस्त असणार हे उघडच आहे. पण गाव रायसेन जिल्ह्यात मोडते, म्हणजे जिल्ह्याची कचेरी रायसेनला आणि मोठ्या दुखण्यासाठी इस्पितळ पुन्हा भोपाळला. साठी उलटलेल्या माणसाला हे अंतर किलोमीटरांत मोजून चालत नाही. रात्री दोन वाजता वाहन मिळते की नाही, यावर ते ठरते.

तथापि आमची खरी चिंता निराळी आहे. आपल्या गोव्यात पत्नीच्या संमतीवाचून पतीला राहते घर विकता येत नाही. पोर्तुगीज नागरी कायद्यापासून चालत आलेला हा दंडक आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, अन्यत्र तो नाही याचा आपणांस विसर पडतो. मध्य प्रदेशात घर पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे आणि त्याच्याच नावावर असेल, तर विक्रीखतावर पत्नीची सही लागत नाही. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांबरोबरीचा हक्क मिळाला. पत्नीच्या संमतीचा प्रश्न मात्र तसाच राहिला. जिने त्या घरात चाळीस वर्षे चूल सांभाळली, शेजार जोडला, मुलींची बाळंतपणे केली, तिला सौदा ठरल्यावर सामान बांधण्यापुरते विचारले जाते. दलालाला मात्र पहिल्या दिवसापासून विचारले जाते!

प्राप्तिकर वाचवायचा तर घाई केलीच पाहिजे, असे सांगितले जाते. ते खरे नव्हे. जुन्या घराच्या विक्रीतील नफा दोन वर्षांत दुसरे घर विकत घेण्यात, अथवा तीन वर्षांत बांधण्यात घातला, तर त्यावर करसवलत मिळते. तोवर विवरणपत्राच्या मुदतीच्या आत ती रक्कम बँकेतील भांडवली नफ्याच्या खात्यात ठेवावी लागते, एवढेच. तेव्हा मंडीदीपमध्ये आधी वर्षभर भाड्याने राहून तेथील उन्हाळ्यातले पाणी, कारखान्यांलगतची हवा आणि शेजार पाहण्यास कायद्याची आडकाठी नाही. त्या वर्षाअखेरीस गृहिणी नको म्हणाली, तर पैसा हाती आहे आणि दुसरे गाव शोधण्यास अवधीही आहे. ती हो म्हणाली, तर नव्या खरेदीखतावर दोघांचीही नावे घालावीत. उद्या ती एकटी मागे राहिली, तरी निम्म्या घरासाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागणार नाही.