अहवालाला मोबाईल चालतो, धड्याला का नाही?

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. त्यांच्या घरात मराठी नाही, गल्लीतही फारशी नाही. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च छापताना सारखाच दिसतो. वेगळा आहे हे कानानेच कळतं. उर्दू लिपीत ळ नाही, ण नाही. मुलं 'बाळ'ला 'बाल' म्हणतात आणि आपलं काही चुकलं असं त्यांना वाटत नाही. इथे पुस्तक मुकं आहे. माझा उच्चार तरी निर्दोष आहे असा दावा मी करणार नाही, मीही उर्दू शाळेतूनच आलोय.

म्हणून मागच्या महिन्यात आठवीच्या वर्गात यूट्यूबवरचा चार मिनिटांचा व्हिडिओ दाखवला. एक म्हातारी बाई चुलीवर ज्वारीच्या भाकरी थापताना बोलतेय, एवढंच. 'चूल' आला की थांबवायचं, पुन्हा ऐकायचं, म्हणायचं. पंचवीस मिनिटं गेली. शेवटच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला मुलगा 'भाकरी थापली' असं स्पष्ट म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नोटीस फिरली: वर्गात शिक्षकांनी मोबाईल वापरू नये. त्याच संध्याकाळी ग्रुपवर निरोप आला की वृक्षारोपणाचे फोटो आणि व्हिडिओ रात्री नऊच्या आत टाका, मुलांचे चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत.

म्हणजे मोबाईल वाईट नाही, फक्त मुलांनी त्यातून काही शिकणं वाईट! रोपं वाळून गेली, फोटो मात्र शाळेच्या फेसबुक पानावर आहेत. एका मुलीची अम्मी मला विचारायला आली, "सर, माझ्या मुलीचा फोटो कुणाला विचारून टाकला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरताना पालकांची संमती घ्यावी, असं २०२३ चा डिजिटल माहिती संरक्षण कायदा सांगतो. त्यावर नोटीस कधी निघाली नाही.

२०२० मध्ये टाळेबंदीत हाच मोबाईल शाळा होता. घरात एकच फोन, तोही अब्बा कामावर घेऊन जायचे, तरी "धडे पाठवा" असा हुकूम होता. शाळा उघडली आणि फोन पुन्हा हराम ठरला. इकडे बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पुस्तकांत असे कोड वापरण्याच्या कामासाठीही होता. आपण त्यांच्या अभिनंदनाचे फलक लावले. कोड स्कॅन कशाने करायचा?

मुलं रील्समध्ये वाया जातात, हे खरंच आहे. माझा स्वतःचा मुलगाही जातो. पण ती रील बघतात एकटी, पांघरुणात. वर्गात शेजारी शिक्षक असतो, तो थांबवतो, प्रश्न विचारतो. अर्थात ऑफ तासाला व्हिडिओ लावून वह्या तपासत बसणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. आधी पूर्ण बघायचा, डाऊनलोड करून न्यायचा, म्हणजे मध्ये जाहिरात येत नाही आणि पुढचा भलताच व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही. याला घरी अर्धा तास लागतो. बंदीला एक ओळ लागते.

आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाचीही तीच गत. संगणक आहे, त्यावर कापडी कव्हर आहे. दोन हेडफोन आणले तर संध्याकाळी तिथे दहावीच्या मुली बसतील. ज्यांच्या घरी फोन भावाच्या हातात असतो, त्यांना दुसरी जागा कुठली?

नोटिशीवर सगळ्यांनी सही केली. मी अजून केलेली नाही. सोमवारी आठवीला कुंभाराच्या चाकाचा व्हिडिओ आहे.