होस्टेलचं वायफाय नेमकं कुणापासून वाचवायचंय?

दहावीचा निकाल लागला की लातूर आणि नांदेडमध्ये होस्टेलांची शोधाशोध सुरू होते. औसा, उदगीर, कंधार, देगलूरहून आलेले पालक जेवण कसं आहे, पाणी किती वेळ येतं, गेट किती वाजता बंद होतं, हे सगळं खोदून विचारतात. वायफायबद्दल मात्र एकच प्रश्न, ‘आहे ना?’ रेक्टर ‘आहे’ म्हणतात आणि विषय संपतो.

हे ‘आहे’ बऱ्याचदा फसवं असतं. राउटर असतो, पण रेक्टरच्या खोलीत. किंवा व्हरांड्याच्या टोकाला, चोरी होऊ नये म्हणून लोखंडी पेटीत कुलूपबंद. आणि मुलींचं होस्टेल असेल तर रात्री दहाला त्याचं बटणही बंद. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘सुरक्षेसाठी.’ कुणाची सुरक्षा? डब्याची, मुलींची की व्यवस्थापनाच्या निवांत झोपेची?

आधी डब्याबद्दल बोलू. तांत्रिक भाषेत त्याला अॅक्सेस पॉइंट म्हणतात. त्याचं काम रेडिओ लहरी पाठवणं. लोखंडी पेटी त्या लहरी अडवते. म्हणजे पैसे खर्चून यंत्र आणायचं आणि आणखी पैसे खर्चून त्याचं तोंड दाबायचं! व्हरांड्यात लावलेल्या यंत्राचा सिग्नल व्हरांडाभर चांगला मिळतो, पण जाड भिंती आणि लोखंडी कपाटं ओलांडून कॉटपर्यंत येताना क्षीण होतो. मग मुली जिन्यात, दाराच्या उंबऱ्यावर बसून फॉर्म भरतात.

हे टाळणं अवघड नाही. थोड्या थोड्या खोल्यांमागे एक यंत्र छताला लावावं, स्क्रू कुलुपाचा असावा, पेटी हवीच असेल तर प्लास्टिकची किंवा फायबरची घ्यावी. वीज आणि डेटा एकाच केबलमधून देण्याची सोय आता सर्रास मिळते. ती वापरली तर चार्जर लावायला कुणी राउटरचा प्लग काढत नाही. मुख्य स्विच कुलुपाच्या कपाटात ठेवून त्याला यूपीएस द्यावा. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा कडाडतात. म्हणून कॉलेजच्या इमारतीपासून होस्टेलपर्यंत तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर टाकावी. तिच्यातून विजेचा झटका आत येत नाही. यंत्र जपायचंच तर असं जपा.

आता ‘मुली बिघडतील’ या युक्तिवादाकडे येऊ. ज्या मुलीच्या घरी ऐपत आहे, तिच्या मोबाइलमध्ये रोजचा डेटा आहेच. जुलै 2024 मध्ये कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, तरी तिला फरक पडत नाही. फरक पडतो तो हातगाडीवाल्याच्या, शिलाईकाम करणाऱ्या आईच्या मुलीला. वायफाय बंद केल्याने बिघडणारं कुणी थांबत नाही, अभ्यास करणारी गरीब मुलगी थांबते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, प्रवेशाची फेरी ऑनलाइन, नीटचा फॉर्म ऑनलाइन. यातल्या कुठल्याही शेवटच्या तारखेला रेक्टरच्या झोपेची वेळ ठाऊक नसते.

हा वाद न्यायालयातही गेलेला आहे. केरळमधल्या कोझिकोड जिल्ह्यात चेलन्नूरच्या कॉलेजात शिकणाऱ्या फहीमा शिरीनने मुलींच्या होस्टेलमधली संध्याकाळी सहा ते रात्री दहाची मोबाइलबंदी मानायला नकार दिला. तिला होस्टेलमधून काढण्यात आलं. ती हायकोर्टात गेली. 19 सप्टेंबर 2019 रोजी कोर्टाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचं सांगत तिला परत घेण्याचा आदेश दिला. निकाल केरळचा आहे, महाराष्ट्रातल्या संस्थांवर तो थेट बंधनकारक नाही. पण शिस्त अभ्यासाच्या आड येता कामा नये, हा त्यातला मुद्दा लातूरलाही तितकाच लागू पडतो.

उल्लेखनीय म्हणजे ही लढाई एका मुस्लिम मुलीने लढली. आपण मात्र सच्चर समितीचा 2006 चा अहवाल आणि महमूद-उर-रहमान समितीचे आकडे भाषणांत वाचून दाखवतो, मुस्लिम मुलींसाठी होस्टेल हवं म्हणून निवेदनं देतो. आणि होस्टेल उभं राहिलं की आपलेच विश्वस्त, आपलेच अब्बा-चाचा ‘नेट बंद ठेवा’ म्हणून सांगायला सर्वांत पुढे असतात. मुलीला तालीम द्यायची आणि तालमीचं दार दहाला बंद करायचं, हा कसला हिशेब?

खरा धोका वेगळाच आहे. सगळ्यांना एकच पासवर्ड, तोही नोटीसबोर्डावर लिहिलेला. राउटर आला तेव्हाचाच ‘अॅडमिन’ पासवर्ड आजही तसाच. असं जाळं कुणीही बाहेरचा वापरू शकतो. प्रत्येक विद्यार्थिनीला स्वतंत्र लॉगिन द्या. वापराची नोंद ठेवावी लागली तर ती कुणी आणि केव्हा पाहायची, याचा लेखी नियम करा. ती रेक्टरच्या कुतूहलासाठी नसते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलं आहे.

तेव्हा यंदा होस्टेल बघायला गेलात तर ‘आहे ना?’वर थांबू नका. मुलीच्या कॉटवर बसून मोबाइलवर सिग्नल बघा. रात्री किती वाजेपर्यंत चालू असतं, लाइट गेल्यावर काय होतं, नोंदी कोण बघतं, हे विचारा. उत्तर पटलं तरच फी भरा.