गॅरंटी सगळ्यांना, बिल मात्र दलितांच्या नावावर

पोरांनो, बोर्डावरची अक्षरं कुठल्या भाषेत आहेत यावर आपण भांडतो. भांडलंच पाहिजे. पण बोर्डाच्या आत जे ऑफिस आहे, तिथला पैसा कुठं जातो, हे कधी विचारलंय का? आज मी समाजकल्याण खात्याच्या पैशाबद्दल बोलणार आहे.

कर्नाटकात २०१३ साली एक कायदा झाला. राज्यात अनुसूचित जाती-जमातींची लोकसंख्या २४.१ टक्के. म्हणून विकासाच्या बजेटमधला तेवढाच वाटा वेगळा काढायचा आणि त्यांच्यासाठीच खर्च करायचा. कायदा चांगलाच होता. पण त्यात कलम ७ (डी) ची पळवाट ठेवली. सगळ्यांसाठी केलेल्या कामाचा काही हिस्सा ‘यांच्यावर झालेला खर्च’ म्हणून दाखवता यायचा. दहा वर्षं ओरड झाली, तेव्हा कुठं २०२३ मध्ये ते कलम गेलं.

आणि त्याच वर्षी काय झालं? या वाट्यात ३४ हजार कोटींच्या वर रक्कम होती. त्यातले सुमारे ११ हजार कोटी गॅरंटी योजनांकडे वळवले. पुढच्या वर्षी ३९ हजार कोटींतले १४ हजार कोटी.

सरकार म्हणतं, लाभार्थी त्याच समाजाचे आहेत, मग बिघडलं कुठं? सांगतो. गृहलक्ष्मीचे महिना दोन हजार पाटलांच्या वाड्यातल्या बाईलाही मिळतात, दलित वस्तीतल्या बाईलाही. वाड्यातल्या बाईचे पैसे येतात सगळ्यांच्या तिजोरीतून. वस्तीतल्या बाईचे येतात तिच्याच पोरांसाठी राखलेल्या वाट्यातून. म्हणजे जे सगळ्यांना फुकट, त्याचं बिल तिच्या नावावर. गॅरंटीला माझा विरोध नाही. ती द्या, पण सगळ्यांना जिथून देता तिथूनच तिलाही द्या.

२०२४ मध्ये वाल्मिकी निगमाचा घोटाळा बाहेर आला. ८९ कोटींच्या वर पैसे गेल्याचं खुद्द मुख्यमंत्र्यांनी सभागृहात मान्य केलं, मंत्री बी. नागेंद्र यांना राजीनामा द्यावा लागला. चोरी झाली की निदान पोलीस तरी येतात. हजारो कोटी सरकारी आदेशानं वळवले की कुणीच येत नाही. म्हणून मला चोरीपेक्षा या वळवण्याची जास्त भीती वाटते.

आता कुणी म्हणेल, ‘ते कर्नाटक सरकारचं काम, आपल्याला काय त्याचं?’ अरे, बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या दलित वस्त्यांत मराठी बोलणारी पोरं नाहीत काय? हॉस्टेलचा आणि स्कॉलरशिपचा पैसा त्यांचाच आहे की! सीमाप्रश्न सुटल्यावर बघू म्हणायचं तर १९५६ पासून किती पिढ्यांनी थांबायचं?

आणि भाषेचा प्रश्न इथंही आहेच. खात्याचं परिपत्रक कन्नडमध्ये. ज्या आईला ते वाचता येत नाही, ती हिशेब काय मागणार? माहिती अधिकाराचा अर्जसुद्धा इथं मराठीत चालत नाही; कन्नड, इंग्रजी नाहीतर हिंदीत लिहावा लागतो. म्हणून परिपत्रकं मराठीत मागत राहायचं, आणि तोवर कन्नड येणाऱ्या पोरांनी अर्ज लिहून द्यायचे. फी १० रुपये, विषय एकच, शब्द १५० च्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस.

तीनच गोष्टी विचारा. आपल्या तालुक्यातल्या हॉस्टेलांसाठी गेल्या वर्षी किती पैसे मंजूर झाले? प्रत्यक्षात किती आले? आणि कशावर खर्च झाले? उत्तर आलं की ते मराठीत करून वस्तीत मोठ्यानं वाचा. दर हिवाळ्याला अधिवेशन आपल्याच दारात, सुवर्णसौधमध्ये भरतं. या वेळी मेळाव्याच्या परवानगीसोबत हा कागदही आमदारांच्या हातात द्या. आणि त्यांनी उत्तर दिल्याशिवाय वाट सोडू नका.